भट्टी १८० वर, घर मात्र गार: बाहेरच्या लाकूड-बॉयलरची दुखणी आणि फोन न उचलणारी कंपनी

लक्षणं आधी सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच की दुसरं, ते लगेच कळेल. भट्टीच्या मागच्या पट्टीवर आकडा १८० फॅरनहाइट. घरातल्या जाळीतून येणारी हवा मात्र कोमट. लाकडाचा ढीग डोळ्यांदेखत खाली चाललाय. दार उघडलं की आतल्या भिंतींवरून काळं चिकट डांबर ओघळलेलं. आणि चार-पाच हिवाळे झाले की राखेत ओल दिसायला लागते. डीलर येतो, एखादा भाग बदलतो, बिल हातावर ठेवतो, आठवडाभर बरं चालतं. जानेवारीत पारा घसरला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनपासून अपस्टेट न्यूयॉर्क आणि मेनपर्यंतच्या थंड ग्रामीण पट्ट्यात घरापासून थोड्या अंतरावर पत्र्याची एक छोटी खोली दिसते, तिच्यावर धुराडं. आत लोखंडी अग्निपेटी आणि तिच्या भोवती पाणी. आपल्या तांब्याच्या बंबाची ही थोरली बहीणच: मधे विस्तव, भोवती पाणी, आणि बंबासारखाच इथेही दाब नाही, वर हवेसाठी तोंड उघडं. बंबातलं पाणी बादलीत जातं. इथलं पाणी जमिनीखालच्या पाइपांतून घरात जातं, तिथे उष्णता सोडतं आणि गार होऊन परत येतं. शहराबाहेर जुनं घर घेणाऱ्या आपल्या मंडळींच्या गळ्यात ही भट्टी कधी कधी घराबरोबरच पडते. आधीचा मालक निघून गेलेला, कागदपत्रं बेपत्ता, आणि कित्येक वॉरंट्या तर पहिल्या मालकापुरत्याच असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की दुखणं पुष्कळदा भट्टीत नसतं, भट्टी आणि घर यांच्या मधे असतं. कंपनीच्या फोनवर बसलेल्या माणसाला ते मधलं काहीच दिसत नाही. त्यामुळे त्याच्याकडे दोनच प्रश्न असतात. पहिला, लाकूड ओलं आहे का? दुसरा, पाण्याचा नमुना तपासायला पाठवलात का? दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, हीच तर पंचाईत. तुम्ही "नाही" म्हणालात की विषय संपला, "हो" म्हणालात की "डीलरशी बोला". डीलर म्हणतो, "हे कंपनीनं बघायला हवं." आमच्या भट्टीच्या कंपनीनं नेमकं हेच केलं. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण इतर भट्टीवाल्यांशी बोलल्यावर कळलं की बिल्ला कुठलाही असो, टोलवाटोलवी सारखीच.

म्हणून फोन करण्याआधी चार तापमानं लिहून ठेवा.

चार आकडे

पहिला, भट्टीतून पाणी बाहेर पडतं तिथला. दुसरा, पाइप घरात शिरतो तिथला. तिसरा, घरातून परत निघतो तिथला. चौथा, भट्टीत परत शिरतो तिथला. घर तापवण्याचं काम जोरात चालू असताना, थोड्या वेळाच्या अंतरात चारही घ्यायचे. इन्फ्रारेड बंदुकीनं मोजणार असाल तर एक लक्षात ठेवा: चकचकीत तांब्यावर ती साफ खोटं बोलते. जिथे मोजायचं तिथे काळी इलेक्ट्रिक टेप गुंडाळा आणि टेपवर नेम धरा. प्लास्टिकच्या पेक्स पाइपवर मोजू नका, तो वरून गारच लागतो. जोडाच्या पितळेवर किंवा तांब्यावर मोजा.

आता हिशोब. अमेरिकेतले प्लंबर एक सूत्र तोंडपाठ म्हणतात: मिनिटाला किती गॅलन पाणी फिरतंय, गुणिले तापमानाचा फरक, गुणिले ५००, म्हणजे तासाला तेवढे बीटीयू (एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापवणारी उष्णता म्हणजे एक बीटीयू). ५०० कुठून आले? एक गॅलन पाणी सुमारे ८.३ पौंडांचं आणि तासाची ६० मिनिटं. एक इंची पेक्समधून मिनिटाला ८ गॅलन पाणी आरामात फिरतं. म्हणजे फरकाचा प्रत्येक अंश तासाला ४,००० बीटीयूंचा.

समजा तुमचे आकडे असे आले: १८०, १७२, १५८, १५१. घराला १४ अंश मिळाले, म्हणजे ५६,००० बीटीयू. आणि जमिनीला? जाताना ८, येताना ७, मिळून १५ अंश, म्हणजे ६०,००० बीटीयू. घरापेक्षा माती जास्त तापतेय. कडक लाकडाच्या एका कॉर्डमध्ये, म्हणजे १२८ घनफुटांच्या रचलेल्या ढिगात, मोटामोटी २ कोटी बीटीयू असतात. त्यातले निम्मे पाण्यापर्यंत पोचतात असं धरलं तरी ही भट्टी दर आठवड्याला एक कॉर्ड लाकूड गांडुळांसाठी जाळते आहे. या भट्टीचा कुठलाही भाग बदलून काही होणार नाही.

चांगल्या पाइपात शंभर फुटांना एखाद-दुसरा अंश उतरतो. त्यापेक्षा जास्त उतरत असेल तर थोडासा बर्फ पडू द्या आणि सकाळी अंगणात जाऊन बघा. चरावरचा बर्फ वितळून घर ते भट्टी अशी हिरवी पट्टी उमटली असेल, तर पुढचं काही मोजायची गरज नाही. पाइपाभोवतीच्या काळ्या नळीत पाणी शिरलंय. स्वस्त पाइपात दोन पेक्स नळ्या फॉइलच्या पातळ गुंडाळीत बसवून एका नालीदार आवरणात घातलेल्या असतात. आवरणाला एक भोक पडलं किंवा टोक नीट बंद केलं नाही की भूजल आत येतं, आणि मग गरम पाइप थेट गार पाण्यात डुंबतो. जाणारी आणि येणारी नळी एकमेकींना चिकटलेल्या असतात त्या वेगळ्याच; गरम नळी गारेला तापवते आणि ऊब घरी न जाताच परत फिरते. उपाय एकच आहे आणि तो महाग आहे: चर पुन्हा खणून, आतल्या सगळ्या पोकळीत फोम भरलेला, पाणी न शिरणारा पाइप घालायचा. डीलर नवी भट्टी विकताना या पाइपाच्या पैशात काटकसर सुचवतो, कारण एकूण आकडा छोटा दिसतो. तिथे अजिबात ऐकू नका. भट्टी दहा वर्षांनी बदलता येते, गोठलेल्या जमिनीतला पाइप जानेवारीत बदलता येत नाही.

पहिले दोन आकडे जवळपास सारखे असतील, तर चर निर्दोष. मग घरात बघा. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यात जेमतेम चार-पाच अंशांचा फरक असेल तर पाणी भरपूर फिरतंय, पण उष्णता सोडत नाहीये. प्लेट एक्स्चेंजर, म्हणजे भट्टीच्या पाण्याची ऊब घरच्या पाण्याला देणारा पत्र्यांचा गठ्ठा, घरच्या बाजूनं क्षारांनी चोंदलाय, हवा तापवणाऱ्या कॉइलवर धूळ आणि कुत्र्याचे केस जमलेत किंवा पंखा हळू फिरतोय. उलट तिथला फरक चाळीसच्या घरात असेल तर पाणीच कमी येतंय: गाळणी चोंदलीय, पाइपात हवा अडकलीय किंवा पंप दमलाय.

पंपाचं एक वेगळं दुखणं आहे, ते इथेच सांगून टाकते. या यंत्रणेत दाब नाही, त्यामुळे खूप गरम पाणी पंपाच्या तोंडाशी उकळायला लागतं आणि खडखडाट होतो. लोक पंप बदलतात, नवा पंपही वर्षभरात जातो. खरं कारण पंपाची जागा. तो भट्टीच्या मागे, खालच्या अंगाला, बाहेर जाणाऱ्या पाण्यावर हवा. म्हणजे भट्टीतल्या पाण्याची उंची त्याच्या डोक्यावर राहते. घरातल्या छताजवळ बसवलेला पंप कितीही भारी कंपनीचा असला तरी कुरकुरणार.

आणि पहिलाच आकडा भट्टीच्या पट्टीवरच्या आकड्याशी जुळत नसेल, तर पट्टी चुकीची. सेन्सर आपल्या खोबणीत सैल किंवा कोरडा बसलेला असतो. उष्णता-वाहक पेस्ट लावून घट्ट बसवा.

चौथा आकडा आणि काळं डांबर

चौथ्या आकड्यावर भट्टीचं आयुष्य अवलंबून आहे. परत येणारं पाणी १४० फॅरनहाइटच्या, म्हणजे ६० सेल्सियसच्या खाली गेलं की अग्निपेटीची भिंत एवढी गार होते की धुरातली वाफ तिच्यावर दव होऊन बसते. त्या दवात लाकडाच्या धुरातली आम्लं असतात. दव राखेत मिसळतं, धुरातलं तेल वर चिकटतं, आणि तो थर खालून लोखंड खातो. ज्याला आपण क्रिओसोट म्हणतो ते काळं डांबर म्हणजे नुसती घाण नाही, गंजाची सुरुवात आहे. त्याच डांबराचा इन्सुलेशनसारखा थर बसल्यावर पाण्याला उष्णता कमी पोचते, म्हणून लाकूड जास्त लागतं, आणि एक दुखणं दुसऱ्याला पोसतं.

परतीचं पाणी गार का येतं? पहाटे सगळ्या खोल्यांचे थर्मोस्टॅट एकदम चालू होतात. किंवा काँक्रीटच्या जमिनीत पाइप घालून फरशी तापवलेली असते आणि तिथून पाणी ९० अंशांवर परततं. घरातला मिक्सिंग व्हॉल्व्ह फरशीला सांभाळतो, भट्टीला नाही. भट्टीला सांभाळायला तिच्यापाशीच एक थर्मोस्टॅटिक बायपास व्हॉल्व्ह लागतो. परतीचं पाणी १४०-१५० च्या वर येईपर्यंत तो गरम पाण्याचा काही भाग घराकडे न पाठवता तिथल्या तिथे परतीच्या पाण्यात मिसळतो. काही भट्ट्यांत तो कारखान्यातूनच असतो, काहींच्या यादीत तो "ऐच्छिक" या सदरात पडलेला असतो. भट्टी वाचवणारी वस्तू ऐच्छिक कशी, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

काही जण लाकूड वाचेल म्हणून भट्टीच १५० वर ठेवतात. मग परतीचं पाणी १२० वर येतं आणि दव दिवसरात्र पडतं. १८० ठेवा.

डांबराचं दुसरं कारण म्हणजे घराच्या मानानं अवाढव्य भट्टी. घराला तासाला ५०,००० बीटीयू हवेत आणि भट्टी २,००,००० ची. थोडा वेळ जळते, पाणी १८० ला पोचतं, आगीला हवा देणारी झडप बंद होते, आणि मग तासन्‌तास आत लाकूड नुसतं धुमसत राहतं. ऑक्टोबरात आणि एप्रिलात हे सर्वात वाईट. शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात त्या याच धुराच्या. पेटी काठोकाठ भरायची सवय सोडा. उबेच्या दिवसांत बारा तासांना पुरेल इतकंच घाला, आणि खरी थंडी सुरू होईपर्यंत पेटवूच नका. उन्हाळ्यात नुसत्या आंघोळीच्या पाण्यासाठी ही भट्टी चालू ठेवणारे लोक मला माहीत आहेत. त्यांना काय सांगणार?

लाकूड खरंच ओलं असतं

कंपनीचा पहिला प्रश्न चिडवणारा असला तरी तो टाळता येत नाही. ओलावा मोजायचं मीटर वीस-तीस डॉलरला मिळतं, पण बहुतेक जण ते ओंडक्याच्या बाहेरच्या, सुकलेल्या अंगावर टेकवतात. ओंडका फोडा आणि ताज्या फोडलेल्या तोंडावर मोजा. शिवाय तो आधी घरात आणून ठेवा. गोठलेल्या लाकडावर मीटर कमी ओलावा दाखवतं. २० टक्क्यांच्या आसपास हवा. ओकला फोडल्यापासून दोन उन्हाळे लागतात. "सीझन्ड", म्हणजे वाळवलेला, असं म्हणून विकलेला ओक बहुधा मागच्या वसंतात फोडलेला असतो.

ॲश या झाडाची गोष्ट वेगळी. एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा किडा २००२ साली मिशिगनमध्ये सापडला आणि त्यानंतर पूर्वेकडच्या राज्यांत ॲशची झाडं उभ्या उभ्या मेली. ॲश मुळातच ओकपेक्षा कमी ओला असतो, त्यामुळे लवकर जळण्याजोगा होतो. पण मेलेलं उभं झाड कोरडंच असतं असं नाही, बुंध्याकडचा भाग फोडून मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका. आणि लांबून आणू नका. न्यूयॉर्कमध्ये प्रक्रिया न केलेलं जळाऊ लाकूड ५० मैलांपलीकडे न्यायला बंदी आहे, ती या किड्यांमुळेच.

आग विझत नाही

हे दुखणं कमी वेळा होतं, पण धोक्याचं आहे. हवेची झडप सोलेनॉइडवर, म्हणजे विजेच्या चुंबकावर उघडते आणि वीज तुटली की स्वतःच्या वजनानं पडून बंद होते. तिच्या बिजागरीवर डांबर बसलं की ती अर्धवट अडकते. हवा आत जात राहते, पाणी २०० च्या वर जातं, आणि वरच्या तोंडातून वाफ सुटते. अशा वेळी पंख्याचा खटका बंद करा, दार घट्ट लावा, घरातले सगळे थर्मोस्टॅट वाढवा म्हणजे उष्णतेला जायला जागा मिळेल. पंप बंद करू नका. पेटीत पाणी ओतायचं नाही. पाण्याची पातळी खूप खाली गेलेली असेल तर तापलेल्या लोखंडावर गार पाणीही सोडायचं नाही; आधी थंड होऊ द्या.

झडप स्वच्छ असूनही असं होत असेल तर दाराच्या कडेनं हवा अडवणारी दोरी बघा. दारात एक डॉलरची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज निघाली तर तिथून हवा जातेय. चारी बाजूंनी तपासा. दोरी बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

राखेत ओल: गळती की दव?

हा प्रश्न कंपनीशी होणाऱ्या भांडणाचा गाभा आहे. गळती असेल तर वॉरंटीत बसते, दव असेल तर "तुम्ही भट्टी नीट चालवली नाही". म्हणून पुरावा तुमच्याकडे हवा.

पाण्याच्या पातळीवर खूण करा. कोरडं लाकूड घालून दोन दिवस भट्टी १८० वर चालू द्या, परतीचं पाणी १४० च्या वर ठेवा. दव असेल तर ओल सुकते आणि पातळी जवळपास तिथेच राहते. उघड्या तोंडातून थोडी वाफ जाते, तेवढी धरा. ओल तशीच आणि पातळी खाली, म्हणजे गळती.

दुसरी तपासणी लिटमस पट्टीची. दव आम्लधर्मी असतं. भट्टीतलं गंजरोधक औषध घातलेलं पाणी अल्कधर्मी असतं. फक्त नमुना राखेतून घेऊ नका, राख स्वतःच अल्कधर्मी असते आणि सगळं एकसारखं दाखवते. राखेच्या वर, भिंतीवरच्या थेंबाला पट्टी लावा. सुकलेल्या गळतीच्या जागी पांढुरकी खपली असते, दवाच्या जागी तपकिरी-काळा डाग. फोटो काढा, फोटोत तारीख दिसू द्या.

कोणी मेकॅनिक हवेचा दाब भरून गळती शोधू म्हणाला तर त्याला भट्टीला हात लावू देऊ नका. ही दाबाची टाकी नाही. तिच्या सपाट भिंती थोड्याशा दाबानंही फुगतात, आणि फुटल्या तर माणूस जाऊ शकतो.

पाण्याबद्दलही कंपनी चुकीचं सांगत नाही. तोंड उघडं असल्यामुळे प्राणवायू आत जातच राहतो, म्हणून गंजरोधक औषध लागतं आणि त्याचं प्रमाण वर्षातून एकदा तपासावं लागतं. पण एक गोष्ट कोणी सांगत नाही: वरून पाणी किती भरलंत ते लिहून ठेवा. दर गॅलन नव्या पाण्याबरोबर नवा प्राणवायू येतो आणि औषध पातळ होतं. शिवाय तीच वही पुढे गळतीचा पुरावा होते. हंगाम संपला की राख आणि डांबर खरवडून काढा, आतल्या भिंतींना हलका तेलाचा हात द्या, धुराड्यावर टोपी घाला. राख हवेतली ओल ओढते. उन्हाळाभर पेटीत पडलेली राख चालू हिवाळ्यापेक्षा जास्त लोखंड खाते, असं माझं मत झालंय.

सुटे भाग कोणाचे?

जुन्या साध्या भट्टीत कंपनीचं स्वतःचं असं फक्त पत्रा आणि वेल्डिंग असतं. पंप टाकोचा किंवा ग्रुंडफॉसचा, तोच शहरातल्या कुठल्याही प्लंबिंगच्या दुकानात मिळतो. तापमानाचा नियंत्रक, सोलेनॉइड, पंखा, दाराची दोरी, बायपास व्हॉल्व्ह हे सगळं बाजारातलं. भागावरच्या चिकटपट्टीखाली बहुतेकदा मूळ उत्पादकाचा क्रमांक सापडतो. सोलेनॉइडचं व्होल्टेज आणि खेच, पंख्याचं माप आणि फिरण्याची दिशा, दोरीची जाडी एवढं जुळलं की झालं. सहा आठवडे "बॅकऑर्डर" ऐकत बसण्यापेक्षा दुपारी जाऊन भाग आणलेला बरा. थंडीच्या आधीच एक नियंत्रक, एक सोलेनॉइड आणि दोरीचं एक भेंडोळं घरात ठेवा.

नव्या भट्ट्यांत मात्र हे चालत नाही. अमेरिकी पर्यावरण संस्थेनं, ईपीएनं, २०१५ साली या भट्ट्यांच्या धुरावर मर्यादा घातल्या आणि १५ मे २०२० पासून त्या आणखी कडक केल्या. त्या तारखेनंतर निकषात न बसणारी नवी भट्टी घरासाठी विकता येत नाही. आधीपासून बसवलेल्या भट्ट्या या केंद्रीय नियमानुसार चालू राहू शकतात. न्यूयॉर्कचे स्वतःचे नियम २०११ पासून आहेत. त्यांत नव्या घरगुती भट्टीचं धुराडं जमिनीपासून किमान १८ फूट उंच आणि भट्टी हद्दीपासून १०० फूट लांब हवी. नियम योग्यच होते, जुन्या भट्ट्यांचा धूर ज्यानं शेजारी राहून खाल्लाय त्याला विचारा. पण स्वच्छ जळण्यासाठी नव्या भट्ट्यांत धूर जाळण्यासाठी सोडलेल्या जादा हवेची बारीक भोकं, झोतनळी, सेन्सर आणि कंपनीचा स्वतःचा सर्किट बोर्ड आला. भोकं राखेनं बुजली किंवा लाकडं एकमेकांत अडकून निखाऱ्यांवर कमान झाली की आग मरते, हे तुम्ही स्वतः सोडवू शकता. बोर्ड मेला तर कंपनीच्या दारात उभं राहावंच लागतं. म्हणून नवी घेताना धुराच्या आकड्यांइतकंच हे विचारा: बोर्ड किती वर्षं मिळेल, वायरिंगचा नकाशा द्याल का, आणि चाळीस मैलांत या मॉडेलवर हात बसलेला माणूस कोण? नकाशा द्यायला टाळाटाळ केली तर पुढचं दुकान बघा.

कंपनीला लिहायचं कसं

फोन बंद, पत्र सुरू. पत्रात मॉडेल, अनुक्रमांक, विकत घेतल्याची तारीख, चार तापमानं, ओलाव्याचे आकडे, पाण्याच्या तपासणीचे निकाल, पातळीची वही आणि फोटो. "भट्टी नीट चालत नाही" असं लिहू नका. "परतीचं पाणी १५२, लाकूड १९ टक्के, पाण्याची तपासणी ठीक, तरी पातळी दिवसाला एवढी खाली" असं लिहा. त्यांचे दोन्ही ठरलेले प्रश्न पहिल्याच परिच्छेदात संपतात. सर्टिफाइड मेलनं पाठवा, प्रत डीलरला.

वॉरंटी वाचताना मोठ्या अक्षरातली वीस-पंचवीस वर्षं बघून खूश होऊ नका. खालच्या बारीक अक्षरात बहुतेकदा असतं की दरवर्षी भरपाईचा टक्का कमी होतो, मजुरी आणि वाहतूक तुमची, आणि पाण्याच्या तपासणीची नोंद नसेल तर सगळंच रद्द. पण १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा तुमच्या बाजूनंही आहे. भाग फुकट देत नसेल तर "आमच्याच नावाचा भाग वापरला तरच वॉरंटी" अशी अट कंपनीला सहसा घालता येत नाही. दुसऱ्या दुकानातला पंप बसवला एवढ्यावरून अग्निपेटीची वॉरंटी नाकारली, तर पत्रात या कायद्याचं नाव लिहा. उत्तराचा सूर बदलतो.

तरी दाद नाही, तर राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रार करा. रक्कम छोटी असेल तर न्यूयॉर्कच्या गाव-टाउनच्या न्यायालयात ३,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो. डीलर तिथल्याच काउंटीतला असतो आणि त्याला पुढच्या हंगामातही तिथेच भट्ट्या विकायच्या असतात, याचा उपयोग होतो.

भेग खरीच असेल आणि वॉरंटी गेलेली असेल, तर वेल्डर बोलवा. गळती बुजवणारं रसायन ओतू नका, ते आधी प्लेट एक्स्चेंजर बुजवतं. पाणी भेगेच्या खाली उतरवून, डांबर पूर्ण खरवडून, लोखंड चमकेपर्यंत घासून घ्यायचं. वरचं तोंड उघडं राहू द्यायचं. वेल्डरला पत्रा साधा आहे की स्टेनलेस ते आधी सांगायचं, कारण दोघांना सळई वेगळी लागते. भेगेच्या शेजारचा पत्रा हातोडीनं ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर पट्टी मारून काही हिवाळे निघतील. बद्द आवाज आला किंवा पत्रा आत दबला तर वेल्डरचे पैसेही वाया; तेवढे पैसे नव्या पाइपात घाला आणि भट्टी भंगारवाल्याला द्या. पंप, एक्स्चेंजर, व्हॉल्व्ह काढून घेतल्याशिवाय देऊ नका.